दाखल्यावरची सही



गेल्या महिन्यात आपल्या धर्मग्रामातील तीन तरुण एकाच आठवड्यात पॅरिश ऑफिसात आले. तिघेही पोलीस भरतीला उतरलेले. पहाटे अंधारात मैदानावर १६०० मीटर धावण्याचा सराव करून, पायाला लागलेल्या मातीसकट सकाळच्या मिस्सेला मागच्या बाकावर बसणारी ही मुले. त्यांना चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवा होता. आपल्या ऑफिसात तो छापीलच असतो. नाव व पत्ता भरायचा, खाली आमची सही आणि चर्चचा शिक्का. आम्ही तिघांनाही दोन-दोन मिनिटांत दाखले दिले, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि आपल्या कामाला लागलो.

तिसरा तरुण निघून गेल्यावर सहज छापील मजकुराकडे लक्ष गेले. ‘या इसमास आम्ही बालपणापासून ओळखतो’ असे त्यात म्हटले आहे. आम्हाला या धर्मग्रामात येऊन चारच वर्षे झाली आहेत! तिघांपैकी एकाला आम्ही नावाने ओळखत होतो, दुसऱ्याला चेहऱ्याने, आणि तिसऱ्याला केवळ त्याच्या आजीमुळे. दर पहिल्या शुक्रवारी आम्ही तिला घरी जाऊन कम्युनियन देतो. ज्याच्या हाती उद्या सरकार लाठी, बेड्या आणि कोठडीची किल्ली देणार, त्याच्याविषयी एवढ्याशा माहितीवर आम्ही ग्वाही दिली. खोटे लिहिले असे म्हणता येणार नाही, पण खरे लिहिले असे छातीला हात लावून सांगवतही नाही.

ही रुखरुख आम्ही पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या आपल्याच एका हवालदारांना बोलून दाखवली. ते हसले. म्हणाले, “फादर, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. दाखला भरतीच्या दिवसाचा असतो. अंगात काय यायचे ते वर्दी चढल्यावर येते.” मग थोडे थांबून त्यांनी आपल्या सोबत भरती झालेल्या एका पोराची गोष्ट सांगितली. इतका लाजाळू, की पहिल्या वर्षी चहाचे पैसे दिल्यावाचून बाकावरून उठत नसे. पाचव्या वर्षी चहावालाच त्याला पैसे देऊ लागला होता.

लूककृत शुभवर्तमानातील एक प्रसंग दर तीन वर्षांनी आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी आपल्या कानी पडतो. यार्देनकाठी बाप्तिस्ता योहानाकडे लोक येतात आणि आता आम्ही काय करावे, असे विचारतात. त्यांत शिपाईही असतात. योहान त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही, हे आपण नीट लक्षात घेत नाही. दमदाटी करून लोकांकडून काही काढू नये, कोणावर खोटा आळ घेऊ नये आणि मिळेल त्या वेतनात भागवावे, एवढेच तो सांगतो. हप्ता, खोटी केस आणि वरकमाई! दोन हजार वर्षांत या यादीत फारशी भर पडलेली नाही. आणि हे सारे तो भरतीसाठी रांगेत उभ्या असलेल्यांना सांगत नाही. अंगावर वर्दी चढून बराच काळ लोटलेल्यांना सांगतो.

हवालदारांच्या बोलण्याचा अर्थ आम्हाला लंडनमधील एका घटनेने अधिक उलगडला. लंडनचे पोलीस दल १८२९ सालचे. शिस्तीचा नमुना म्हणून त्याचे गोडवे आपण लहानपणी ऐकले. ३ मार्च २०२१ रोजी रात्री त्या शहराच्या दक्षिण भागात सारा एव्हरर्ड ही ३३ वर्षांची तरुणी मैत्रिणीच्या घरून पायी आपल्या घरी निघाली होती. वाटेत एका माणसाने तिला अडवले, पोलिसाचे ओळखपत्र दाखवले आणि हातात बेड्या घातल्या. कोरोनाचे निर्बंध मोडल्याचे निमित्त त्याने केले असावे, असे पुढे सरकारी पक्षाने न्यायालयात सांगितले. ओळखपत्र खरे होते. बेड्याही खऱ्या होत्या. वेन कझन्स हा लंडन पोलिसांतील सशस्त्र शिपाई होता. संसद आणि वकिलाती यांच्या संरक्षणाची जबाबदारी असलेल्या तुकडीत त्याची नेमणूक होती. त्याने त्या मुलीवर अत्याचार केला व तिचा खून केला. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याला मरेपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा झाली.

या प्रकरणातील एक तपशील आमच्या मनातून जात नाही. बेड्या घातल्या जात असताना मोटारीतून जाणाऱ्यांनी ते पाहिले होते. साध्या कपड्यांतला पोलीस कोणाला तरी अटक करतो आहे, असे समजून ते पुढे निघून गेले. त्यांना दोष कसा द्यावा? आपणही तेच केले असते. पोलिसाने धरले म्हणजे तिने काहीतरी केले असणार!

असा माणूस पोलिसांत शिरलाच कसा, याची चौकशी एलिश अँजिओलिनी या नामवंत कायदेपंडित बाईंनी केली. त्यांचा अहवाल फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. हा माणूस कधीच पोलीस व्हायला नको होता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अंग उघडे केल्याची तक्रार त्याच्याविरुद्ध २०१५ मध्येच आली होती. तिचा धड तपास झाला नाही. खुनाच्या थोडे दिवस आधी पुन्हा तशाच तक्रारी आल्या होत्या. त्याच तुकडीतील डेव्हिड कॅरिक हा २००१ मध्ये भरती झाला. वर्षानुवर्षे त्याच्याविषयी कागद येत राहिले आणि फायलीत पडून राहिले. २०१७ मध्ये त्याची पार्श्वभूमी पुन्हा तपासली गेली, आणि तो उत्तीर्ण झाला. जानेवारी २०२३ पर्यंत त्याने ४९ गुन्हे कबूल केले. त्यांत अनेक बलात्कार होते. गप्प बस, मी पोलीस आहे, तुझे कोण ऐकणार, अशी धमकी त्याने पीडित स्त्रियांना दिल्याचे उघड झाले.

हे दोघे म्हणजे चुकून राहिलेले दोन खडे, असेही म्हणता येत नाही. इंग्लंडच्या पोलीस निरीक्षकांनी २०२२ मध्ये पार्श्वभूमी तपासणीच्या ७२५ फायली चाळल्या. त्यांतील १३१ प्रकरणांतले निर्णय त्यांना शंकास्पद वाटले. लुईस केसी यांच्या मार्च २०२३ च्या अहवालाने तर स्त्रियांविषयीचा तुच्छभाव लंडन पोलिसांच्या रचनेतच मुरला आहे, असे स्पष्ट म्हटले. दाखल्यावर सही करणारे तिथेही होते, आणि तेही बहुधा दोन-दोन मिनिटांतच सही करीत असावेत.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना प्लेटोच्या ग्रंथातील गायजिसच्या अंगठीवर आम्हाला निबंध लिहावा लागला होता. एका मेंढपाळाला अंगठी सापडते. तिचा खडा आत फिरवला की तो दिसेनासा होतो. तो साधा मेंढपाळ मग राणीला भुलवतो, राजाला ठार करतो आणि गादीवर बसतो. प्रश्न असा की, कोणीच पाहत नसेल तर सज्जन माणूस सज्जन राहील काय? राहील, असे आम्ही तेव्हा मोठ्या आवेशाने लिहिले होते, आणि गुणही बरे पडले होते. आज तोच निबंध लिहायचा झाला तर आम्ही वर्दीविषयी लिहू. वर्दी दुरूनही उठून दिसते. पण तिच्या आतला माणूस मात्र दिसेनासा होतो. मोटारीतल्या लोकांना अटक दिसली, माणूस दिसला नाही.

पवित्र शास्त्रात हेच घडलेले आहे. दानिएलच्या ग्रंथातील सुसान्नेची कथा आपण उपवासकाळात ऐकतो. तिच्यावर डोळा ठेवणारे दोघे म्हातारे कोणी चोर-दरोडेखोर नव्हते. त्या वर्षी नेमलेले न्यायाधीश होते. ती वश होत नाही असे पाहून त्यांनी तिच्यावरच व्यभिचाराचा आळ घेतला, आणि सभेने तो मानला. का मानला, तर आळ घेणारे वडीलधारे आणि न्यायाधीश होते म्हणून. तिला मरणदंडासाठी नेत असताना दानिएल नावाच्या पोराने ओरडून सर्वांना थांबवले. त्याने काय केले? दोघांना वेगळे केले आणि कोणत्या झाडाखाली पाहिले, असा एकच प्रश्न दोघांना वेगवेगळा विचारला. दोन झाडांची नावे आली. वेगवेगळे बसवून विचारणे ही गोष्ट कोणालाही सुचण्यासारखी होती. पण न्यायाधीशांना असे विचारायचे असते, हेच तोवर कोणाला सुचले नव्हते.

आपल्या महाराष्ट्रात अशी एक सुसान्ना होऊन गेली, आणि तिच्या वेळी दानिएल उशिरा आला. मार्च १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, एका आदिवासी मुलीवर ठाण्याच्या आवारातच बलात्कार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, हे तेव्हा कारण ठरले. रात्रीच्या वेळी ठाण्यात, जिथे रक्षण मागायला जायचे तिथेच, तिने ओरडून कोणाला बोलवायचे होते? हाच प्रश्न १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून विचारला. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र गुन्हा झाला. संबंध आला हे सिद्ध झाले आणि स्त्रीने आपली संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते आधी खरे धरावे, असे ठरले. त्या मुलीला मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही.

आता कोणी म्हणेल, फादर पोलिसांच्या मागे लागले आहेत. तसे नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना अतिरेक्याच्या बंदुकीला मिठी मारणारे तुकाराम ओंबळे याच वर्दीत होते. कोरोनाकाळात आपण दारे लावून बसलो तेव्हा नाक्यावर उभे होते ते पोलीसच. दिवाळी असो, नाताळ असो, त्यांना सुट्टी नाही. आपल्या कुटुंबांतूनही पोलीस झालेले आहेत, आणि त्यांच्यासाठी आम्ही नेहमी प्रार्थना करतो.

आणि खरे सांगायचे तर पोलिसांना बोल लावण्याआधी आम्हाला स्वतःच्या झग्याकडे पाहावे लागते. आम्हालाही सेमिनरीत घेताना दाखले तपासले गेले होते. आमच्या त्या वेळच्या प्रमुख धर्मगुरूंनीही असेच छापील पत्र दिले असेल. पुढे आठ-दहा वर्षे शिक्षण, परीक्षा, एकांत. तरीही जगभरच्या ख्रिस्तसभेत धर्मगुरूंनी मुलांवर आणि दुबळ्यांवर अत्याचार केले, आणि वरिष्ठांनी ते झाकले. झाकले, हा शब्द आम्ही जाणूनबुजून लिहितो. बदली करून प्रश्न मिटवण्याची पद्धत काही पोलीस खात्याचीच नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये नियम घालून दिला की, धर्मगुरू वा व्रतस्थ यांच्यापैकी कोणालाही अशा अत्याचाराची माहिती मिळाली तर ती कळवणे त्याला बंधनकारक आहे, आणि बिशपही चौकशीतून सुटणार नाहीत. २०२३ मध्ये तो नियम कायमचा झाला. आपल्या देशात तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांवरील अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावरच बंधनकारक केले आहे. काही बुजुर्ग धर्मगुरूंना हे सारे अविश्वासाचे वाटते. आम्हाला मात्र हायसे वाटले. कोणी आपल्याला विचारू शकते, हे माहीत असलेल्या माणसाचे पाऊल सांभाळून पडते.

प्रत्येक मिस्सेत कम्युनियन घेण्याआधी आपण आपल्या अपात्रतेची जी कबुली देतो, ती मुळात एका रोमन शताधिपतीची, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अंमलदाराची आहे. आपला चाकर आजारी म्हणून तो प्रभूकडे आला. त्याने स्वतःची ओळख कशी करून दिली, ते पाहा. आपण दुसऱ्याच्या हुकमाखाली आहोत, हे त्याने आधी सांगितले. आपल्या हाताखाली शिपाई आहेत, हे नंतर. आमच्या मते अधिकारी माणसाची सगळी पारख या क्रमात आहे. भरतीच्या दिवशी हा क्रम सर्वांचाच बरोबर असतो. तो पाचव्या आणि पंधराव्या वर्षीही तसाच आहे काय, हे कोणीतरी पुनःपुन्हा पाहायला हवे.

अर्थात पाहणाराही हुकमाखाली हवा. लंडन पोलिसांनी मागे काही जणांची पात्रता काढून घेऊन त्यांना सरळ घरी पाठवायला सुरुवात केली. त्यांतील एकजण न्यायालयात गेला. त्याच्यावरचे आरोप सिद्ध झालेले नव्हते. बाजू मांडायची पुरेशी संधी न देता अशी नोकरी काढता येणार नाही, असे उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले. पोलीस वरिष्ठ वैतागले, पण मे २०२५ मध्ये सरकारला रीतसर नियम करावे लागले: प्रत्येक पोलिसाकडे पात्रता असलीच पाहिजे, ती काढून घेता येईल, आणि काढण्याची रीत ठरलेली असेल. खोटा आळ शिपायावरही येऊ शकतो. बाप्तिस्ता योहानाचा दुसरा उपदेश तपासणाऱ्यांनाही लागू आहे.

आपल्याकडे काय आहे? प्रकाश सिंह हे स्वतः मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले पोलीस अधिकारी. त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये सात आदेश दिले. त्यांतला एक असा, की पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारींसाठी वेगळे प्राधिकरण असावे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून अशा राज्य प्राधिकरणाची तरतूद केली. आपल्यापैकी किती जणांना ते माहीत आहे? आम्ही लहान ख्रिस्ती समूहांच्या प्रमुखांना सभेत विचारले. एकही हात वर आला नाही. त्याआधी डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात अटकेसंबंधी अकरा आदेश दिले गेले होते. त्याची सुरुवातही एका पत्रानेच झाली होती. कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या वाचून बसू यांनी १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिले होते.

त्या आदेशांतील बरेचसे आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. ती १ जुलै २०२४ पासून लागू झाली. अटक करणाऱ्याच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेचे टिपण, ठाण्यात ज्याला अटक मेमो म्हणतात, तिथेच लिहिले पाहिजे. नातेवाइकाला वा मित्राला कळवले पाहिजे. प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. विशेष कारण असल्याखेरीज बाईमाणसाला सूर्यास्तानंतर व सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. तसे कारण असेल तर महिला अधिकारी लागते व मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी लागते. संत पौलाला चौकशीसाठी फटके मारायला बांधले तेव्हा त्याने शांतपणे एवढेच विचारले, की रोमन नागरिकाला खटल्याशिवाय फटके मारणे कायद्यात बसते का? तिथला शताधिपती दचकला आणि वरिष्ठाकडे धावला. पौलाला कायदा माहीत होता, म्हणून त्या दिवशी त्याची पाठ वाचली.

अटक मेमोविषयी एक गोष्ट आम्हालाही नुकतीच कळली. त्यावर साक्षीदार म्हणून घरच्या माणसाची, किंवा तो नसेल तर त्या भागातील प्रतिष्ठित व्यक्तीची सही लागते. प्रतिष्ठित व्यक्ती! म्हणजे भरतीच्या दाखल्यावर सही करणारे जे आम्ही, तेच. मुलगा पोलीस होताना सही करायला आम्ही दिवसा दोन मिनिटांत तयार असतो. कोणाचा मुलगा पोलिसांनी धरून नेला तर रात्री दोन वाजता ठाण्यात जाऊन सही करायला आम्ही उठू काय? मागे एकदा या धर्मग्रामात नव्हे, दुसरीकडे, असाच निरोप आला होता. सकाळी बघू, असे आम्ही म्हणालो होतो. सकाळपर्यंत त्या मुलाने बराच मार खाल्ला होता. त्याच्या आईने आम्हाला कधी बोल लावला नाही, आणि तेच आजवर जड जाते.

म्हणून कळवतो, की पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर पॅरिश हॉलमध्ये आपल्यातील एक वकीलभगिनी अटकेच्या वेळचे हक्क आणि तक्रार कुठे व कशी करायची, हे तासभर समजावून सांगतील. निवृत्त हवालदारही येणार आहेत. दुसरी बाजू आपण मांडणार, असे त्यांनी आधीच बजावले आहे. घरातील तरुण मुलामुलींना पाठवा. रात्री ठाण्यातून निरोप आला तर पॅरिश हाउसची घंटा वाजवा, कितीही वाजले असले तरी.

वर्तणुकीचा जुना छापील दाखला आम्ही बंद केला आहे. नव्या दाखल्यात आम्ही त्या व्यक्तीला किती वर्षे व कशी ओळखतो ते हाताने लिहू, आणि त्याची मुदत एक वर्ष राहील. तिघांनाही बोलावून नवे दाखले दिले. एकजण म्हणाला, “फादर, नोकरी लागल्यावर कोण दरवर्षी दाखला मागणार?” त्याचे बरोबर आहे, कोणी मागणार नाही. तिसऱ्याच्या आजीला आम्ही पहिल्या शुक्रवारी हे सारे सांगितले. तिने कम्युनियन घेतले, प्रार्थना संपवली आणि म्हणाली, “त्याला नोकरी लागली तरी फादर, तुम्ही दर महिन्याला त्याचे विचारत जा. मी खरे ते सांगीन.”

आपले धर्मगुरू